उमेनोआजींचा चौकोन

गल्लीची सहल म्हटली की योरिकोचा उत्साह नुसता उतू जायचा. कुणाच्या घरात काय शिजतंय याची तिला भारी हौस, आणि बसमध्ये तर अख्खी गल्लीच कोंडलेली! पण यंदा ती खिडकीशी गप्प होती. शेजारचं आसन रिकामं होतं. दरवर्षी तिथे उमेनोआजी बसायच्या.

सप्टेंबरात सहलीची सूचना निघाली होती. फळीला लावलेला कागद घरोघर फिरतो. आपल्या चौकोनात स्वतःच्या नावाचा लाल शिक्का मारायचा आणि फळी शेजाऱ्याच्या हातात द्यायची, ही गल्लीची जुनी रीत. योरिकोनंतर उमेनोआजींचं घर. आजींनी एकदा दारात धरलं की गुडघ्यापासून जावयापर्यंत तासभर ऐकवायच्या. त्या दिवशी योरिकोने शेगडीवर मासा ठेवला होता. तिने आजींच्या चौकोनात ‘येणार नाही’ असं स्वतःच खरडलं आणि फळी थेट पलीकडच्या हिराइवांच्या दारात ठेवली.

तेव्हा आजी न्हाणीत पडलेल्या होत्या, मांडीचं हाड मोडून. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस तरी जीव होता. सापडल्या नवव्या दिवशी.

“पण फळी तर पुढे आली होती,” गल्लीप्रमुख हिराइवा चक्रावले होते. “तुम्ही हातात दिलीत ना?”

“दिली की,” योरिको म्हणाली. “नको म्हणाल्या. गुडघे दुखतात म्हणे.”

वाटेत जुन्या हमरस्त्यावरची चौकी लागली. प्रवाशांची झडती घेणारी ती काळवंडलेली खोली बघून त्सुगेबाई खिदळल्या, “योरिको-सान, त्या काळी तुम्हाला इथे नक्की नोकरी मिळाली असती! कोण आलं, कोण गेलं, सगळं तुम्हाला ठाऊक.”

सगळे हसले. योरिकोही हसली, पण कानांच्या पाळ्या पेटल्या.

दुपारी ते गवती छपरांच्या गावी पोचले. डोंगरात धुकं उतरलं होतं. जोडे दारात काढून, त्यांची तोंडं बाहेर वळवून सगळे आत गेले. आत भरदुपारी अंधार. मधल्या चुलाण्यात ओलं लाकूड धुमसत होतं, आणि शेकडो वर्षांचा धूर तुळयांवर चिकटून बसला होता. घरधनीण चहा घेऊन आली. तेरा पेले.

“आम्ही बाराच आहोत,” हिराइवा म्हणाले.

“असं कसं? दारात तेरा जोड आहेत,” ती हळूच म्हणाली. “त्या आजी माळ्यावर जाऊन बसल्यात ना… म्हणाल्या, मला कुणी विचारलंच नाही, पण आले आपली.”

योरिको उठून दाराशी गेली. बारा जोडांची तोंडं बाहेर होती. तेराव्याची आत. छोटे, जांभळे, चिकटपट्टीचे बूट; आतून ओले. त्यांना न्हाणीतल्या साबणाचा वास येत होता.

माळ्यावर हिराइवांना कुणीही सापडलं नाही.

बसमध्ये परतल्यावर त्यांनी हजेरीसाठी फळी काढली, आणि त्यांचा हात थबकला. उमेनोआजींच्या चौकोनात, योरिकोच्या अक्षरावर, लाल शिक्का होता. बोट लावलं तर शाई बोटाला आली. आजींचा तो लाकडी शिक्का तर लेकीने आईच्या हातात देऊनच शवपेटी दहनभट्टीत सोडली होती. सगळ्यांनी पाहिलं होतं.

“योरिको-सान…” हिराइवांनी फळी तिच्यापुढे धरली. “आजी तुम्हाला नक्की काय म्हणाल्या होत्या?”

तिने मान वर केली नाही. “मी गेलेच नव्हते,” ती म्हणाली. “बेलसुद्धा वाजवली नाही. ते अक्षर माझं आहे.”

त्सुगेबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. शेवटी हिराइवांनी चालकाला खूण केली.

बस हलली. योरिकोच्या शेजारच्या रिकाम्या आसनाचा पट्टा सावकाश ओढला गेला, आणि खट्‌कन बसला. एका बारीक कमरेएवढा.