आज काय राहून गेलं?

गाठ तर लहान झाली होती. मग आबा मैदानावर का येत नव्हते? शार्वीला हे कोडं सुटेना.

आबा म्हणजे तिचे आजोबा, एके काळचे कबड्डीचे पंच. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. घरी सोबती नावाचा यंत्रमानव त्यांची देखभाल करी. औषधांनी अर्बुद (पेशी बेसुमार वाढून होणारी गाठ) आकसलं आहे, पण ते पुरतं जाणार नाही, हे त्यानेच सर्वांना सांगितलं होतं. रोज सकाळी तो विचारी, "कसं वाटतंय?" आबा म्हणत, "बरं आहे." आबा कधी कुरकुरत नाहीत, असं आई कौतुकाने सगळ्यांना सांगे.

पण शार्वीचा कबड्डीचा सामना असला की आबांना ऊन बाधे, नाहीतर पाय दुखे. त्यांना आता आपला खेळच आवडत नाही असं वाटून ती रडली आणि शेवटी सोबतीपाशी गेली.

सोबतीने समजावलं. गाठ केवढी आहे ते स्कॅनच्या चित्रात दिसतं. दम लागणं, थकवा, तोंडाची चव जाणं ही लक्षणं (ज्याची त्यालाच जाणवणारी आजाराची चिन्हं) त्यात दिसत नाहीत. ती माणसाने सांगावी लागतात. गाठ आकसली तरी जीवनमान (रोजचं जगणं किती सुसह्य आहे ते) खालावू शकतं.

"आबा 'बरं' म्हणाले, मी 'बरं' नोंदवलं," सोबती म्हणाला. "माझा प्रश्नच चुकला."

"मग दुसरा विचार ना."

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "आबा, काल काय करायचं राहून गेलं?"

आबांनी शेजारी बसलेल्या शार्वीकडे पाहिलं.

"हिचा सामना," ते म्हणाले. "वाटेत सारखं थांबावं लागतं. दम सुटला की गडी बाद, हे जन्मभर मीच सांगितलं. आता लोकांदेखत धापा टाकू?"

"तुम्हाला चढाई कुठे करायचीय, आबा? नुसतं बसायचं तर आहे," शार्वी म्हणाली.

सोबतीने डॉक्टरांना सगळं कळवलं. औषधं बदलली, चाकाची खुर्ची आली आणि एक हातात मावणारा पंखाही. चेहऱ्यावर गार झुळूक आली की मेंदूला जाणवणारी धाप थोडी उतरते. गाठ मात्र होती तिथेच होती.

पुढच्या सामन्याच्या सकाळी आबा आपणहून म्हणाले, "आज बरं नाहीये. दम लागतोय."

सोबतीने औषध दिलं. शार्वी पंखा धरून शेजारी बसली. तिची निघायची वेळ झाली तरी तिचा पाय निघेना.

हळूहळू आबांचा श्वास जरा संथ झाला. त्यांनी तिच्या हातातून पंखा घेतला.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मध्यंतरानंतरचा खेळ तरी बघतो. सोबती, खुर्ची आण."