जीपमधली टिकटिक

मलकापूरहून निघालेल्या जीपमध्ये मी इतकी चेंगरून बसले होते की शेजारच्याचं घड्याळ थेट माझ्या कानात वाजत होतं. टिक… टिक… पण त्याच्या मनगटावर घड्याळच नव्हतं!

"घड्याळ नाही, मीच वाजून राह्यलो," तो हसून म्हणाला. "हृदयात धातूची झडप बसवली हाय."

मी हृदयरोगाच्या दवाखान्यात नर्स. माझी नजर त्याच्या ओरखडलेल्या बोटांवर गेली. "रक्त पातळ व्हायची गोळी घेता ना?"

"कापसाची वेचणी झाली की घेईन. बीटीची बोंडं सारी एकदमच फुटली, मजूर भेटत नाही. बोंडाचं टोक लागलं की रक्त थांबत नाही, कापसाले डाग पडतात. म्हणून आठवडाभरापासून…"

"गाडी थांबवा!" मी ओरडले.

"काऊन?"

"गोळी सोडली की झडपेवर रक्ताची गाठ धरते. ती मेंदूत गेली तं ही बडबड कायमची बंद होईन. उतरा!"

"अन् नाही उतरलो तं?"

"तं तुमच्या घरापर्यंत येईन."

तो मुकाट्याने उतरला. नाव रवी.

मी त्याला थेट आमच्या दवाखान्यात नेलं. नशीब, तपासणीत गाठ दिसली नाही. रक्त मात्र घट्ट झालं होतं. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. मग मी त्याला समोर बसवून समजावलं… गोळी रोज ठरल्या वेळी, चुकली तर दुप्पट नाही, अंगदुखीची गोळी मनाने नाही, पालक-मेथी बेतानं अन् नेहमी सारखीच, रक्ततपासणी चुकवायची नाही.

"आता तुम्ही सांगा, काय समजलं?"

"डोळे काळे, राग नाकावर…"

"गोळीचं सांगा!"

त्यानं सगळं बिनचूक सांगितलं. मी त्याच्या एकेका बोटाला चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे बोंड टोचणार नाही. शेवटच्या बोटाला मी जरा जास्तच वेळ लावला.

मग तो दर तपासणीला येत राहिला. वेचणी संपली तेव्हाचा रिपोर्ट अगदी हवा तसा होता, तरी तो खाली मान घालून बसला.

"पोरीवाले आले होते. छातीतला आवाज ऐकून चहा न घेताच गेले. बरं झालं. हे दुखणं कोणाच्या गळ्यात मारायचं नाही मले."

माझं डोकंच फिरलं. "मले विचारलं? बाहेर किती का गर्दी असेना, तुम्ही आल्याचं मले न पाहता समजते. त्या आवाजाची वाट पाहत असते मी… आवडता तुम्ही मले!"

"मंजुश्री… उद्या काही झालं तं?"

"उद्याचं उद्या पाहू. गोळीची आठवण मी देईन. पुढच्या वेचणीले पट्ट्याही मीच बांधीन. तुमच्याच घरी राहून."

तो काहीच बोलेना. मला रडू यायला लागलं.

"बोला ना काही!"

त्यानं माझा हात धरला आणि छातीवर ठेवला. आत नुसती धावपळ चालली होती… टिकटिक-टिकटिक-टिकटिक.

"मी कुठं गप्प हाय?" तो म्हणाला.