वरून ओत

बसा पोरींनो, लाईट काय आता लवकर येत न्हाई. उद्याच्या पेपरला साखरेच्या पेशंटची निगा हाच धडा हाय म्हणता ना? मग हे ऐका. हे तुमच्या पुस्तकात सापडायचं न्हाई. मी बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात शिपाई होतो, रिटायर झालो म्हणून तुमच्या होस्टेलच्या गेटवर येऊन बसलो. देविदासमामा थापा मारतो असं जिला वाटतंय तिनं खुशाल आत जाऊन झोपावं. झोप लागली तर सकाळी मला सांगावं.

गोष्ट पंचशीला सिस्टरची हाय. नांदेडचीच. बौद्धवाड्यातली, बाप रेल्वेत गँगमन. चोवीस वर्षांची पोर, पण हात असा हलका, की लेकराला सुई टोचली तर लेकरू रडायचं विसरायचं. तिची पहिली नेमणूक झाली मुरुडपासून दोन कोसांवरच्या एका गावात. गावाचं नाव घेत न्हाई, तिथं अजून माझे सोयरे हायेत. मीबी तिथंच शिपाई होतो.

सन शहाऐंशी. लातूर नवंनवं जिल्हा झालेलं. दवाखान्याच्या पाटीवर ‘उस्मानाबाद’ खोडून ‘लातूर’ लिहिलेलं, त्याचाबी रंग ओघळलेला. जिल्हा नवा आला, पाणी काय आलं न्हाई. विहिरी कोरड्याठाक. तीन दिवसांतून एकदा टँकर यायचा, तोबी रात्री-अपरात्री. त्याचा हॉर्न वाजला की आख्खं गाव घागरी घेऊन पळत सुटायचं. मागं राहायचे लंगडेपांगळे आन कुत्री.

त्या गावात व्यंकटराव म्हणून एक बडी असामी होती. साखर जुनी. चपलेचा खिळा तळव्यात घुसला आन बाबा आठ दिवस तसाच चालला. पाय बधिर, कळणार कसं? मग पाय पिकला. मग सडला. दवाखान्याच्या बाकड्यावर सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसायला साहेबांना कमीपणा वाटायचा. म्हणून डॉक्टरनं ठरवून दिलं, सिस्टरनं रोज संध्याकाळी घरी जायचं, इन्सुलिनची सुई द्यायची आन पाय धुऊन पट्टी बांधायची.

काय सांगू तुम्हाला त्या पायाचं! पट्टी सुटली की कपाटामागं उंदीर मरून आठ दिवस झाल्यासारखा वास. टर्पेंटाइनचे थेंब टाकले की बोटांच्या बेचक्यातून अळ्या वळवळत वर यायच्या. सिस्टर चिमट्यानं एकएक उचलून डब्यात टाकायची. मी एकदाच संगं गेलो आन अंगणात भडाभडा ओकलो.

पण मला खरी शिसारी आली ती अळ्यांची न्हाई. पट्टी झाली की सिस्टरला हात धुवायला पाणी लागायचं. व्यंकटरावाची सून, सगुणाबाई, तांब्या उंच धरून लांबून ओतायची. सिस्टरनं खाली ओंजळ धरायची. घरातल्या रांजणाला शिवायचं न्हाई, चुलीकडं बघायचं न्हाई. सडका पाय मांडीवर घ्यायला तिचे हात चालतात, पाण्याला चालत न्हाईत! थू असल्या मोठेपणावर. आन मी? मी तिथं उभा राहून बघितलं आन गप बसलो. तीबी थू माझ्याच तोंडावर.

मंगळवार, सहा मे. दिवस मावळला तशी सिस्टर निघाली. पिशवीत सुईचा डबा, कापूस, पट्ट्या. रोजचंच काम. गेल्यागेल्या तिनं विचारलं, “आबा, जेवण तयार हाय का? सुईनंतर अर्ध्या तासात पोटात अन्न पाहिजे.”

“तयार हाय. तू तुझं काम कर,” व्यंकटराव म्हणाले.

सगुणाबाई दारात उभी होती. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, पण सासऱ्यानं नुसतं बघितलं आन तिनं पदर ओढून घेतला.

सिस्टरनं सुई दिली. पाय मांडीवर घेतला. अळ्या काढता काढता अर्धा तास गेला आन तेवढ्यात वेशीवर टँकरचा हॉर्न वाजला. सगुणाबाई घागर-हंडा घेऊन पळाली. शेजारपाजार पळाला. गल्ली रिकामी.

सिस्टरनं गाठ मारली आन वर बघितलं. म्हातारा घामानं निथळत होता. हात लटलटत होते. “पारू... ए पारू...” म्हणून मेलेल्या बायकोला हाका मारत होता.

“आबा, सकाळधरनं काय खाल्लंय?”

“आजपासनं मंगळवार धरलेत... तुळजाभवानीचा उपास...”

तुम्ही शिकलेल्या हायेत, तुम्हाला सांगायला नको. पोट रिकामं आन वरून सुई. साखर पार तळाला गेली होती. दोन घोट साखरपाणी मिळालं तर माणूस उठून बसतो, न्हाई तर गेला. सिस्टरनं दारात जाऊन हाका मारल्या. कुणी नव्हतं. मग ती घरात घुसली. स्वयंपाकघरात गेली, डबा उघडला, रांजणात तांब्या बुडवला, मूठभर साखर ढवळली आन तांब्या म्हाताऱ्याच्या तोंडाला लावला.

त्यानं दात आवळले.

“आबा, प्या! जीव जाईल तुमचा!”

भान चाललं होतं त्याचं. बायको जिती हाय का मेली ते आठवत नव्हतं. पण पाणी कुणाच्या हातचं हाय ते बरोबर आठवत होतं. सिस्टरनं जबडा धरला, एक घोट कसाबसा आत लोटला. त्यानं तो तिच्या तोंडावर थुंकला.

मग मान टाकली. बेशुद्ध माणसाच्या घशात पाणी ओतता येत न्हाई, फुप्फुसात जातं. तिनं त्याला कुशीवर वळवलं, हिरड्यांना साखर चोळली आन दवाखान्याकडं पळत सुटली. तिथं शिरेतून द्यायचं ग्लुकोज होतं. जाऊन-येऊन अर्धा कोस. ती परत आली तेव्हा दारात माणसं जमली होती आन व्यंकटराव संपला होता.

आता पोरींनो, घरात मढं पडलेलं हाय. आन पहिला शब्द काय निघाला असंल? भावकीतला एक जण आत डोकावला, मढ्याजवळचा तांब्या आन उघडा रांजण बघितला आन ओरडला, “रांजण बाटवला हिनं!” लगेच दोघांनी रांजण अंगणात कलंडला. तीन दिवसांचं पाणी. दुष्काळात. जमिनीनं गटागटा पिऊन टाकलं. सगुणाबाई तेवढी खाली मान घालून म्हणत होती, “मला ठावं होतं उपास हाय ते... मला ठावं होतं...” तिचं कोण ऐकतो? गावानं ठरवून टाकलं, सिस्टरच्या सुईनं म्हातारा मारला.

सिस्टर मला म्हणाली, “मामा, लोक काय म्हणायचं ते म्हणू द्या. पण एक घोट पोटात गेला असता तर माणूस वाचला असता. एकच घोट. माझ्या हातून गेला न्हाई.” दोन दिवस अन्नाला शिवली न्हाई पोर.

पुढचं तिनं मला सांगितलं तसंच सांगतो. पदरचं काही घालत न्हाई.

शुक्रवार, नऊ मे. रात्रीचा दीड. दवाखान्यामागं तिची खोली, एकटीची. कंदील बारीक केलेला. आधी वास आला. तिला वाटलं पट्ट्यांचा डबा उघडा राहिला. उठून बघितलं. डबा बंद होता.

मग आवाज. एक पाऊल... आन काहीतरी ओढल्यासारखं. एक पाऊल... आन ओढल्यासारखं.

दारापाशी थांबलं.

“पाणी...”

रात्री दार वाजलं तर नर्स उघडती. पेशंट असंल म्हणून तिनं कडी काढली. कंदील वर केला.

पायरीखाली उकिडवा बसला होता. पायाला पट्टी. तिनंच बांधलेली, तिच्याच हाताची गाठ. पट्टी ओली. ओलीतून काहीतरी पांढरं वळवळून खाली पडत होतं... टप... टप...

तिला किंचाळता येईना. हालता येईना.

“पाणी... लई तहान...”

वर बघत न्हाई. मान खालीच.

हळूहळू ती मागं सरकली. तिचा एक स्टीलचा पेला होता, त्यात माठातलं पाणी घेतलं, साखर घातली. चमच्यानं हलवली. का? तर तिला वाटलं, राहिलेला घोट मागायला आलाय. दिला की सुटंल. तोबी, मीबी.

पेला पुढं केला.

त्यानं घेतला न्हाई. दोन्ही हात जोडून तोंडाखाली ओंजळ धरली.

“वरून ओत.”

जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाई म्हणतात ना? खोटं हाय. मेल्यावरबी जात न्हाई!

सिस्टर सांगायची, “मामा, तोवर मी भ्याले होते. ते ऐकलं आन भ्या गेलं. नुसती किळस आली. पायाची न्हाई, त्या ओंजळीची.” ओतलं असतं तर गेला असता तो. कायमचा गेला असता. तिला ते कळत होतं. मनगट जरासं वाकवायचं, एवढंच काम.

“आबा, तुमचा पाय मी दीड महिना हातात घेतला,” ती म्हणाली. “हा पेला तुम्ही हातात घ्या. मी वरून ओतणार न्हाई.”

ओंजळ तशीच.

“वरून...”

“न्हाई.”

तिनं पेला उंबऱ्यावर ठेवला. दार लावलं. कडी घातली. दाराला पाठ लावून बसली.

बाहेर काही हललं न्हाई. पाऊल न्हाई... घोट न्हाई... नुसता वास. कोंबडं आरवेपर्यंत.

उजाडल्यावर तिनं खिडकीतून मला हाक मारली. मी पुढनं येईपर्यंत तिनं दार उघडलं न्हाई. वास गेला होता. पायरी कोरडी. उंबऱ्यावर पेला होता. काठोकाठ भरलेला, थेंब कमी न्हाई. आतल्या साखरपाण्याला एक मुंगी लागलेली नव्हती.

मुंग्या बाहेरून होत्या. स्टीलवर. बाप्याच्या रुंद पंजाची चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला... तेवढ्याच जागी, गच्च.

मी फुंकर मारली. हलल्या न्हाईत.