सहा नंबरची लाइन

पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. पण शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत घडलंय, आणि शेवटचं तर माझ्या हातूनच.

रात्रबित्र काही नव्हती. मंगळवारी दुपारी, तीन वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं.

भावोजी एका मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये नेटवर्क सांभाळतात. प्रत्येक खोलीला एक लाइन, तिच्यावरच कॅमेरे आणि आतला फोन. कुठल्या लाइनला किती वेग द्यायचा, ते स्विचवर, म्हणजे सगळ्या लाइनी जिथे जोडतात त्या डब्यावर, भावोजी ठरवतात. लाइनवरून येणाऱ्यापैकी मर्यादेतलं ते हिरवं, ते जातं. थोडं जास्त ते पिवळं, जागा असली तर जातं. त्याच्याही वरचं लाल...

लाल तिथल्या तिथे टाकून दिलं जातं.

त्या दिवशी भावोजी आधीच वैतागलेले. नेट चालत नाही म्हणून साहेबांनी सकाळपासून डोकं खाल्लं होतं. त्यांनी स्क्रीन उघडली, तर सहा नंबरच्या लाइनवर लाल आकडा वाढत होता.

सहा नंबरची खोली महिनाभर बंद होती. कॅमेरे काढलेले, फोनही काढलेला.

चरफडत ते स्विचपाशी गेले. सहा नंबरला वायरच नव्हती...

आकडा वाढतच होता.

स्विच बंद करून चालू केला. बदलूनही पाहिला, सेटिंग जुनीच टाकली. दुसऱ्या दिवशी तीन दहाला पुन्हा लाल. तीन पन्नासला बंद. मग रोजचंच झालं.

चौथ्या दिवशी त्यांनी मागच्या महिन्याच्या नोंदी काढल्या.

महिन्यापूर्वी त्याच खोलीत मामा वारले होते. मामा म्हणजे कॉम्प्रेसरचे मेकॅनिक, सगळ्यांचेच मामा. दार अडकलं आणि ते आत राहिले. छातीत कळ आली असेल, फोन करायलाही वेळ मिळाला नसेल, असं सगळे म्हणाले. भावोजींनीही त्यावरच मनाची समजूत घातली होती.

नोंदी वेगळंच सांगत होत्या. मामा तीन दहा ते तीन पन्नास, चाळीस मिनिटं फोन लावत होते. भावोजींनी घाईघाईत अख्ख्या लाइनला एकच मर्यादा घातली होती, फोनसाठी वेगळी राखलीच नव्हती. ती सगळी कॅमेऱ्यांनी खाल्ली. मामांचा प्रत्येक फोन लाल ठरला.

भावोजी तेव्हा शंभर पावलांवर बसले होते.

"मीच टाकून दिलं रे मामांना," ते मला म्हणाले.

पाचव्या दिवशी त्यांनी सहा नंबरची मर्यादाच काढली. तीन दहा झाले. या वेळी आकडा हिरवा होता...

टेबलावरचा फोन वाजला.

"अरे, किती वेळ फोन लावतोय. दार अडकलंय. येतोस ना?"

मामाच. घाबरलेले नव्हते, चिडलेले होते.

"येतो, मामा," भावोजी कसेबसे बोलले. धावत जाऊन खोली उघडली. आत कोणी नव्हतं.

तेव्हापासून रोज फोन. "येतो" म्हटलं की शांत. एकदा उचलला नाही, तर बंद खोलीचं दार चाळीस मिनिटं आतून वाजत राहिलं. सुट्टी नाही, नोकरी सोडायची सोय नाही. सुट्टी घेत नाहीत म्हणून ताईची रोज कटकट, आणि तिला सांगणार तरी काय?

गेल्या गुरुवारी भावोजी तापाने फणफणले. मी तिथेच गाड्यांत माल भरून घेतो, म्हणून मला पाठवलं. फक्त "येतो" म्हण, असं दहादा बजावलं.

फोन उचलला आणि चुकून "हॅलो" म्हणून बसलो.

"तू कोण? तो कुठंय?"

मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. मी म्हणालो, "निघालेत, मामा. पोचतीलच."

पलीकडून, "बरं. वाट बघतो."

चार दिवस झाले, फोन नाही. सहा नंबरवर लाल नाही, हिरवंही नाही.

भावोजींचा ताप उतरलाय. पण तीन पांघरुणं घातली तरी अंग गारच. डॉक्टरांना कळत नाही. भावोजी रोज विचारतात, मामा काय म्हणाले? मी म्हणतो, नेहमीचंच.

मी काय बोललो, ते अजून ताईलाही सांगितलेलं नाही.