डाव्या गालावरचा पाचवा ठिपका

तिच्या पत्राला त्याने पाच आठवडे उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं होतं असंही नाही. शर्ट बदलला की तेही या खिशातून त्या खिशात जायचं.

त्याचं काम सिंहांचं, पण प्रत्यक्ष सिंह त्याने एकही पाहिला नव्हता. वनखात्याच्या नोंदणी विभागात बसून तो फोटोंवरून सिंह ओळखायचा. सिंहाच्या मिशांच्या मुळाशी, गालावर, काळे ठिपके असतात. कुठल्याही दोन सिंहांचे ते सारखे नसतात. भिंगाखाली ठिपके बघायचे, जुन्या कार्डाशी ताडायचे आणि निकाल लिहायचा. तो प्रत्येक वेळी लिहायचा – ‘बहुधा तीच’, ‘बहुधा तोच’.

ती अभयारण्यातली जनावरांची डॉक्टर. एका दुपारी तिने चुकून त्याचं दार उघडलं.

“औषधभांडार इथेच ना?”

“खालच्या मजल्यावर… बहुधा.”

तिची नजर टेबलावरच्या कार्डांवर गेली. “अच्छा! ते ‘बहुधा’ तुम्हीच? तिकडे सगळे तुमच्या नावाने बोटं मोडतात.”

“मी खात्री असल्याशिवाय—”

“आणि ती कधी असते?”

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. “नसते.”

ती हसत स्टूल ओढून बसली. औषधभांडार पाचला बंद झालं. ती साडेपाचला उठली. त्यानंतर शहरात आली की दर वेळी तिचं दार चुकायचं.

मग जंगलात तापाची साथ आली आणि तिचं येणं थांबलं. आलं ते पत्र.

‘खाणीजवळच्या कळपात एकोणीस होते, आठ उरलेत. सोबतचा फोटो तिथल्या ‘लंगडी’ सिंहिणीचा असावा. दोन पिल्लं आहेत. शेजारून ट्रक जातात. राखणदार मिळतो तो नोंदीतल्या आईलाच. तोवर मीच जाऊन बसते. दुसरं – इथे कार्डं जुळवायला माणूस हवाय. तुम्ही याल? दोन्ही उत्तरं “बहुधा” न लिहिता द्या.’

जुन्या कार्डात लंगडीच्या डाव्या गालावर, वरच्या ओळीत पाच ठिपके होते. फोटोत चारच. तिथेच घोडं अडलं. ‘तीच’ म्हणावं तर ठिपका नाही, ‘नाही’ म्हणावं तर हात धजेना. आणि दुसरा प्रश्न तर त्याने नीट वाचायचंही टाळलं होतं. ओळख पटली नाही तर महिनाअखेर लंगडीचं कार्ड मृतांच्या कप्प्यात जाणार होतं. आज एकोणतीस तारीख.

सकाळी दाढी करताना त्याचा हात हनुवटीवर थांबला.

“अरे, फेस वाळतोय,” ताई म्हणाली.

“ताई, या व्रणावर दाढी कधीच उगवली नाही, नाही का?”

“झाडावरून पडलास तेव्हापासून नाही. आज काय त्याचं?”

अर्ध्या फेसातच त्याने खिशातून फोटो काढला, भिंग धरलं. पाचव्या ठिपक्याच्या जागी एक फिकट, तिरकी रेघ होती. कातडं फाटून भरलं होतं. म्हणजे ती तापातून उठली होती, आणि त्याआधी कुणाच्या तरी शिंगाच्या घावातूनही.

“जिवंत आहे,” तो म्हणाला.

“डॉक्टरीणबाईंचं पत्र ना ते? धुण्यातून दोनदा वाचवलंय मी.”

“वाचलंस?”

“कशाला? तुझ्या तोंडावर मोठ्या अक्षरात लिहिलंय सगळं.”

कचेरीत पोहोचताच त्याने कार्डावर फक्त ‘तीच’ लिहिलं, राखणदारासाठीचा अर्ज जोडून साहेबांच्या टेबलावर ठेवला. मग दुपारी घरी येऊन कोरा कागद घेतला. तीन कागद फाडल्यावर चौथा जमला.

‘लंगडीच आहे. पाचव्या ठिपक्यावर जखम भरली आहे. राखणदाराचा अर्ज आजच दिला. दुसरं – येतो. मला सिंहांची भीती वाटते आणि तुमच्यासमोर धड बोलता येत नाही. पण तुमचं दार चुकणं थांबल्यापासून इथे बसवत नाही. येतो.’

ताई पोस्टापर्यंत सोबत आली. तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता.

खिडकीतल्या बाईंनी पत्ता दोनदा वाचला. “जंगलातला दिसतोय. तिथे कुणी वाट बघणारं आहे ना? नाहीतर परत येतं हो.”

तो नेहमीचा शब्द ओठांपर्यंत आला… त्याने गिळला.

“आहे,” तो म्हणाला.

बाईंनी शिक्का मारला.