कड्याला नका विचारू

महावीर मगदूमने तव्यावर आंबोळी टाकली आणि त्याच्या मनगटावर टकटक सुरू झाली.

मनगटावरचं कडं दिसायला साधंच होतं. राखाडी, रबरासारखं मऊ, आतल्या बाजूला बटणाएवढी चकती. तसंच दुसरं कडं मागे स्टुलावर बसलेल्या सन्मतीच्या हातात होतं. तिच्या कातडीवरचा घाम, नाडीची चाल आणि बोटांकडे जाणाऱ्या रक्ताचा ओघ यांवरून ते तिची भीती ओळखायचं आणि ओळखली की बापाच्या मनगटावर टकटक करायचं. भीती थोडी असली तर सावकाश, जास्त असली तर भराभर. सरकारी कागदात त्याचं नाव ‘भयसूचक वलय’ असं भारदस्त होतं. इचलकरंजीत त्याला सगळे नुसतं कडं म्हणायचे.

“तेल जास्त झालं काय गं?” महावीरने विचारलं. आवाज खाली आणून, एकेक शब्द सुटा करून, कोर्टाने धाडलेल्या केंद्रात शिकवला होता तसा.

“नाही.”

टकटक वाढली. त्याने आवाज आणखी खाली आणला. “चटणी वाढू?”

“असू दे, पप्पा.”

आता कडं घाईला आलं होतं. महावीरला घाम फुटला. आंबोळीच्या कडा करपल्या तरी त्याचं लक्ष मनगटावरच होतं. मागे वळून लेकीचं तोंड बघावं हे त्याला सुचलं नाही. सन्मतीने पाठ ताठ ठेवून दोन घास खाल्ले आणि आई न्यायला यायच्या कितीतरी आधीच चपला घालून ती दारात उभी राहिली.

त्याने केलं होतं ते साधं नव्हतं. वर्षभरापूर्वी, भर दुपारी, त्याने शोकेसमधला धोटा उचलून बायकोच्या अंगावर फेकला होता. धोटा म्हणजे जुन्या मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. ते माग कधीच भंगारात गेले; बापाची आठवण म्हणून महावीरने हा एक जपून ठेवला होता. तो त्रिशलाच्या कपाळावर बसला. टाके पडले. त्रिशला लेकीला घेऊन भावाकडे गेली आणि परत आली नाही. तिचं काही चुकलं असं म्हणायची महावीरची छाती नव्हती.

कोर्टाने त्याला ‘पितृविकास केंद्रा’त घातलं. सध्या सन्मती फक्त रविवारी काही तास यायची; केंद्राचा अहवाल चांगला आला तर ती शनिवार-रविवार त्याच्याकडे राहायला येणार होती. वाईट आला तर केंद्रातच, लोकांच्या देखत, टेबलाच्या दोन बाजूंना बसून भेटायचं. पुढचा निकाल लेक कॉलेजात जाईपर्यंत लांबेल, असं वकिलाने सांगून ठेवलं होतं.

गावाने या केंद्राला ‘बापांची शाळा’ म्हणून भरपूर हसून घेतलं. पण हसणाऱ्यांनी एकदा आत डोकावायला हवं होतं. बंद पडलेल्या सूत गोदामात सतरंजीवर बसून गडी माणसं पोरींच्या वेण्या घालायला शिकत होती. इम्तियाज जमादार नावाचा, माग दुरुस्त करणारा जॉबर, ज्याने मुलाला आजवर शिवी घातल्याशिवाय हाक मारली नव्हती, तो “माझा बाप मला पट्ट्यानं मारायचा” एवढं एकच वाक्य बोलला आणि ढसाढसा रडला. कुणी हसलं नाही. हे सगळं चालवणाऱ्या देवयानी मॅडम जास्त बोलायच्या नाहीत. “पुढं?” एवढंच विचारायच्या आणि थांबायच्या. महावीर पहिल्यांदा स्वतःविषयी बोलला तो या थांबण्यामुळे.

मग कडी आली. कड्यांबरोबर वरून साळवी साहेब आले. भिंतीवर पडदा लागला आणि त्यावर प्रत्येक बापाची एक रेघ दिसू लागली. मुलाची भीती कमी झाली की रेघ उतरायची. बहुतेकांच्या रेघा उतरत होत्या. महावीरची चढत होती.

“मगदूम, तुमचा आवाज अजून वरच आहे,” साळवी म्हणाले. “भीतीचं पहिलं कारण आवाज. सगळीकडचा अनुभव हेच सांगतो. अजून खाली या.”

मागाच्या खटखटीत जन्म काढलेल्या माणसाला हळू बोलायला सांगणं म्हणजे मोठंच काम होतं. शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि शेडमधून घरी आलं तरी कानाला तीच सवय राहते. गल्लीत कुणी साधं मीठ मागितलं तरी परक्याला वाटावं, भांडणच जुंपलंय. तरीही महावीर हट्टाला पेटला. मागासमोर उभा राहून तो पुटपुटायची तालीम करू लागला. “घसा धरलाय काय रं?” म्हणून शेजारच्याने खडीसाखर आणून दिली. महावीरने ती मुकाट खाल्ली आणि तालीम चालू ठेवली. लेकीसाठी तो आयुष्यभर मुका राहायला तयार होता.

पुढच्या रविवारी सन्मती आली. तिने दप्तर ठेवलं, कडं मनगटातून काढलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं. महावीरच्या हातातलं कडं मुकं झालं.

“घाल ते, सनू,” तो हळूच म्हणाला.

“नाही.”

“कोर्टाचं काम आहे बाळा. रिपोर्ट बिघडला तर तुला हितं राहायला सोडणार न्हाईत.”

“म्हाईत आहे मला. नाही घालणार.”

तेरा वर्षांची पोर भिंतीला टेकून उभी होती, हनुवटी वर करून. महावीरने सवयीने मनगटाकडे पाहिलं. तिथे काहीच वाजत नव्हतं. लेक चिडली आहे, घाबरली आहे की मस्करी करते आहे, त्याला काही म्हणता काही कळेना. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी सापडू नये तशी त्याची गत झाली आणि इतके दिवस दाबून ठेवलेला आवाज फुटला.

“अगं, मग मी काय करू, ते तरी सांग की!”

फळीवरची भांडी वाजली. समोरच्या घरातल्या म्हातारीने खिडकीतून डोकावलं. संपलं, त्याला वाटलं. आता ही पळणार. कडं सांगणार नव्हतं, म्हणून त्याला लेकीच्या तोंडाकडे बघावं लागलं.

सन्मतीचे खांदे खाली आले होते. ती स्टुलावर बसली आणि ताट पुढे ओढून म्हणाली, “आता कसं! आता पप्पा बोलल्यागत वाटलं.”

“म्हंजे?”

“आपल्या गल्लीत सगळीच ओरडतात. आईबी ओरडते, मीबी ओरडते. त्याचं कशाला भ्या वाटंल?” तिने आंबोळीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “त्या दिवशी तुम्ही ओरडत नव्हता, पप्पा. आई ओरडत होती. तुम्ही एकदम गप झालासा. मग हळूच म्हणालासा, ‘बरं. तुझंच खरं.’ आणि शोकेस उघडली.”

महावीर खाली फरशीवरच बसला. धोटा त्याला आठवत होता, रक्त आठवत होतं, त्रिशलाने दोन्ही हातांनी धरलेलं कपाळ आठवत होतं. आपण त्याआधी काय बोललो हे त्याला आठवत नव्हतं. लेकीला आठवत होतं, शब्दासकट. आणि गेले कितीतरी रविवार तो तिच्यासमोर त्याच आवाजात चटणी वाढू का म्हणून विचारत होता. ती भ्यायली की कडं वाजत होतं आणि कडं वाजलं की तो आणखी हळू बोलत होता. लाजेने त्याला वर बघवेना. ‘पण मी तर केंद्रात सांगितलं तसंच केलं’ हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

“आधी का न्हाई सांगितलंस गं?”

“तुम्ही मला विचारलंत कुठं? तुम्ही कड्याला विचारत होता.” सन्मतीचे डोळे भरले होते, पण आवाज ढळला नाही. “माझ्या पोटात काय होतंय ते मी सांगायच्या आधी तुमच्या हातावर वाजतंय. मला नको ते. भ्या माझं आहे. मला वाटलं तर सांगीन, नाही वाटलं तर नाही सांगणार. तुम्ही विचारायचं.”

तिने आंबोळी खाल्ली. आणखी एक मागून घेतली.

मंगळवारी केंद्रात महावीरने दोन्ही कडी साळवींच्या टेबलावर ठेवली. घडलेलं सगळं त्याने सतरंजीवरच्या माणसांसमोर सांगितलं, खड्या आवाजात, धोट्यासकट.

साळवींनी शांतपणे ऐकून घेतलं. “मुलीचं म्हणणं मी नोंदवून घेतो. पण अहवाल मोजमापावर ठरतो. कडी घाला, आवाज थोडा वाढवून पाहू. यंत्र खोटं बोलत नाही, मगदूम.”

“खोटं बोलत न्हाईच साहेब. पण ते बोलतच न्हाई. नुसतं वाजतंय. का वाजतंय ते पोरीनं सांगितलं.”

“कडं नाही, तर अहवालात ‘असहकार’ लिहावं लागेल. मुलगी राहायला येणार नाही. विचार करा.”

“केला. आल्यापासनं तेवढंच करालोय.” महावीरचा आवाज गोदामाच्या पत्र्याला लागला. “तिनं नको म्हटलंय. तिच्या हातात ते परत घालायचं म्हंजे धरूनच घालाय लागंल. पोरीचा हात पिरगाळून चांगला बाप झालो म्हणून सर्टिफिकेट घेऊ काय मी? लिवा असहकार. मोठ्या अक्षरात लिवा.”

इम्तियाज उठला आणि त्याने स्वतःचं कडं टेबलावर ठेवलं. “माझा पोरगा सोळाचा हाय. त्याला तोंड हाय. मी विचारीन.” आणखी एक-दोघे उठले. कोपऱ्यातला सर्जेराव मात्र कडं मुठीत धरून बसून राहिला. “माझं लेकरू पाळण्यातलं हाय,” तो ओशाळून म्हणाला. “त्याला बोलाय येत न्हाई. हे वाजलं म्हणून मला कळलं, मी दार आपटलं की ते दचकतंय. मी न्हाई काढणार.”

“काढू नगंसच,” महावीर म्हणाला. “ते बोलाय लागलं की मग काढ.”

देवयानी मॅडमनी साळवींकडे पाहिलं. “माझं वेगळं मत अहवालाला जोडा,” त्या म्हणाल्या. “मगदूम इथं शिकले. कड्यामुळे नाही, लेकीचं ऐकलं म्हणून. माझी नोकरी गेली तरी हे वाक्य काढायचं नाही.”

साळवींनी ‘असहकार’ लिहिलं. मॅडमचं मत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापून आलं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. सन्मतीचं शनिवार-रविवारचं राहणं रद्द झालं. ही बातमी ऐकून त्रिशलाने लेकीला विचारलं, “बघ, अजून कडं घालतीस काय?” सन्मती म्हणाली, “नाही. मीच जाऊन जजसाहेबांना सांगणार. माझं तोंड घेऊन.” त्रिशलाने कपाळावरच्या व्रणावरून बोट फिरवलं. नवऱ्याला माफ करायचा तिचा विचार नव्हता. पण दुसऱ्या दिवशी तिनेच वकिलाला फोन लावला आणि मुलीला कोर्टात बोलायचं आहे असं कळवलं.

तारीख मिळेपर्यंत गोदामातच भेटायचं होतं. पहिल्या भेटीला महावीर डब्यात आंबोळ्या घेऊन आला. टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला सन्मती, आणि खुर्ची ओढून बसलेला केंद्राचा माणूस. मनगटं दोघांचीही मोकळी. शाळेचं झालं, मैत्रिणीचं भांडण झालं, डबा रिकामा झाला. वेळ संपत आली. महावीरला पुन्हा पुन्हा मनगटाकडे बघावंसं वाटत होतं आणि दर वेळी तो लेकीच्या तोंडाकडे बघत होता. तिथे काय लिहिलं आहे हे त्याला अजून नीट वाचता येत नव्हतं. मागाच्या आवाजात एक धागा तुटला तरी त्याला कळायचं. हे शिकायला वेळ लागणार होता.

शेवटी त्याने विचारलं, चारचौघांत, इतक्या खणखणीत आवाजात, की आजूबाजूच्या टेबलांवरचे बाप वळून बघू लागले.

“सनू, आज माझं भ्या वाटलं काय गं तुला?”

सन्मतीने डब्याचं झाकण लावलं. पुन्हा काढलं. महावीरने तिला घाई केली नाही.

“पप्पा,” ती म्हणाली, “मी खरं सांगितलं, तर तुम्ही हळू आवाजात बोलणार नाही ना?”