तिसरी हाक

राजूरच्या कोकिळाबाईंना शेजारच्या घरात काय शिजतंय हे कळल्याशिवाय स्वतःच्या ताटातला घास गोड लागत नसे. त्यामुळे शेजारचे शीला आणि अतुल कळंबच्या बाजूला घर बघायला निघाले, तेव्हा कोणी चला न म्हणताही त्या डबा बांधून भाड्याच्या जीपमध्ये जाऊन बसल्या.

"तुम्ही कायले येता मावशी, ऊन किती हाये," अतुल म्हणाला.

"तू वायरमन माणूस. तू बटनं पाहशीन. चुलीचा धूर कुठून जाते, ते कोण पाहीन?"

मागच्या सीटवर त्यांची सात वर्षांची अपेक्षा खोकत होती. तिच्यासाठीच तर ही धडपड. राजूर कोळशाच्या खाणीचं गाव; दोरीवरचा कपडा वाळेपर्यंत काळपट होतो, खिडकीवर बोट फिरवलं की कोळशाची काजळी निघते. तीच काजळी पोरीच्या छातीत बसली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मोकळ्या हवेत न्या, पुढचा हिवाळा इथं काढू नका.

दोन्ही घरांना भिंत एकच. अपेक्षाचा खोकला कोकिळाबाई आपल्या अंथरुणातून ऐकत. झोपायच्या आधी पोर भिंतीवर टकटक करी. दोनदा, मग जरा थांबून एकदा. म्हणजे, 'कोकी, मी बरी आहे.' कोकिळाबाई तसंच परत वाजवत. हे त्या दोघींतलंच, शीलालाही ठाऊक नव्हतं.

घर रानात होतं. कवेलूच्या छपराच्या दोन खोल्या, पुढं ऐसपैस अंगण, अंगणात कडुनिंब आणि त्याखाली एक बाज. मालक वामनराव किल्ल्या घेऊन आले होते. एका खोलीला मात्र कुलूप होतं.

"त्यात आमचं जुनं सामान हाये. तेवढी खोली मागू नका, भाऊ. बाकी सारं तुमचंच समजा."

जेवणं झाली. अपेक्षा बाजेवर आडवी झाली आणि झोपली. शीला तिच्या उशाशी बसून राहिली. बऱ्याच वेळानं तिनं पदर डोळ्यांना लावला. पोरीच्या छातीत झोपेतही वाजणारी शिट्टी थांबली होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. अतुलनं तिथल्या तिथं वामनरावांना शब्द दिला.

आता एक रीत सांगायला हवी. परक्या जागी झोपलेलं लेकरू उचलताना थोरल्या बाईनं त्याला नाव घेऊन तीनदा हाक मारायची, चल, घरी चल. नाहीतर जीव मागं रेंगाळतो म्हणतात. अतुल हसायचा. पण शीलाला ना आई होती ना सासू. लग्नातून, जत्रेतून निघताना ती हाक कोकिळाबाईच मारत.

त्या दिवशी मात्र निघायच्या वेळी कोकिळाबाई त्या बंद खोलीशी होत्या. जुनं सामान म्हणजे काय, तेवढंच पाहायचं होतं. भर दुपार. झाडाचं पान हलत नव्हतं. त्यांनी दाराच्या फटीला डोळा लावला. आत अंधार, आणि ओल्या राखेसारखा वास. तेवढ्यात त्यांच्या पदराचं टोक फटीत ओढलं गेलं. मग सुटलं. पुन्हा ओढलं गेलं... पुन्हा सुटलं.

वारा असा नसतो. श्वास असा असतो.

जीपचा हॉर्न वाजला. कोकिळाबाई पदर आवळत येऊन बसल्या. अतुलनं झोपलेली पोर खांद्यावरून आणली होती. डांबरी रस्ता लागला तेव्हा शीलानं विचारलं, "मावशी, हाक मारली ना?"

नाही म्हणावं, तर आपण कुठं होतो हेही सांगावं लागलं असतं.

"मारली वो," त्या म्हणाल्या.

अपेक्षा त्यानंतर खोकली नाही. भिंतीवरची टकटकही बंद झाली. पोरगी बरी झाली, आता कशाला वाजवील, असं कोकिळाबाईंनी मनाला समजावलं. पावसाळ्याआधी ते लोक तिकडं राहायला गेले.

कापूस फुटला तेव्हा कोकिळाबाई भेटायला गेल्या. अपेक्षा अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. गाल भरलेले, उन्हानं रंग रापलेला.

"नमस्कार, आजी," ती म्हणाली.

कोकी नाही. आजी.

कोकिळाबाईंनी बाजेच्या पायावर टकटक केली. दोनदा, मग एकदा. पोरीनं नुसतं पाहिलं आणि दोरी फिरवायला लागली.

उत्तर आलं ते बंद खोलीतून. दोनदा... मग एकदा. आणि पाठोपाठ बारीक, ओळखीचा खोकला.

शीला अंगणातल्या चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. त्या दारापुढं पाण्यानं भरलेला पेला ठेवलेला होता.

"कधीपासून, शीला?"

"आलो त्या दिवसापासून. हे म्हणतात, घूस असन."

"मंग पाणी काहून?"

"खोकल्यावर पाणी लागते ना, मावशी."

कोकिळाबाई तिच्यापुढं बसल्या. "म्या हाक मारली नव्हती, माय. खोटं बोलली मी."

"मले माहीत हाये. मारली असती त मले ऐकू आली असती."

कोकिळाबाई उठल्या आणि दाराशी गेल्या. "अपेक्षा... चल माय, घरी चल."

आतला खोकला थांबला. अंगणातली दोरीही थांबली.

"अपेक्षा... घरी चल."

आत लहान पावलं धावत दाराकडं आली. अंगणातली पोर छातीवर हात ठेवून खाली बसली. तिच्या छातीत शिट्टी वाजू लागली.

तिसऱ्या हाकेला कोकिळाबाईंनी तोंड उघडलं, तोच शीलाचा पिठाचा हात त्यावर दाबला गेला.

"नका, मावशी... पाया पडते. हिवाळा तोंडावर आला."

शीलाचा हात निघत नव्हता. शेवटी कोकिळाबाईंनीच मान खाली घातली. जरा वेळानं अंगणात दोरी पुन्हा जमिनीवर आपटू लागली. आतली पावलं मात्र दारापासून मागं गेल्याचं ऐकू आलं नाही.

शीलानं पेला उचलला. तो अर्धा झाला होता. मघाशी काठोकाठ होता, कोकिळाबाईंनी नीट पाहिलं होतं. दाराचं कुलूप गंजलेलं, त्यावरचं कोळ्याचं जाळं धड होतं.

पेल्यावर बाहेरून काळी बोटं उमटली होती. पाच, लहान लहान. कोकिळाबाईंनी पदरानं पुसून पाहिलं. ती काजळी त्यांच्या ओळखीची होती. राजूरची. या रानात दिवसभर चाललं तरी कोळशाचा कण सापडला नसता.

"द्या," शीला म्हणाली. तिनं पेला विसळला, चुलीवरचं पाणी त्यात ओतलं, करंगळी बुडवून पाहिली, आणि दारापुढं परत ठेवला.

"थंड पाणी चालत नाई तिले," ती म्हणाली.